हवेच्या ब्रेकची परीक्षा आणि आपला अभ्यास
(समितीच्या विद्यार्थी मार्गदर्शन सभेत दिलेले भाषण)



आम्ही बँकेतले, म्हणजे बँकेच्या परीक्षांवरच बोलणार अशी आपली अपेक्षा असणार. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. आज आम्ही एक निराळीच परीक्षा घेऊन आलो आहोत. अमेरिकेत ट्रक किंवा बस चालविण्याच्या व्यावसायिक परवान्याला 'सीडीएल' म्हणतात. ज्याला हवेचे ब्रेक असलेली गाडी चालवायची असेल, त्याला त्या ब्रेकवर वेगळी लेखी परीक्षा द्यावी लागते. येथून उठून कोणी उद्या ती द्यायला जाणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण आपल्या घाटांतून उतरणाऱ्या ट्रकलाही हवेचेच ब्रेक असतात, आणि आपल्यातील कित्येकांचे वडील, भाऊ स्टिअरिंगवर आहेत. आम्ही कला शाखेचे पदवीधर. ट्रकच्या कर्जाचे कागद तपासता तपासता या विषयाची गोडी लागली.

तिकडेही पूर्वी सारे व्यवस्थित होते असे समजू नका. साध्या मोटारीच्या परवान्यावर मोठा ट्रक चालवता येईल, अशी अनेक राज्यांत स्थिती होती. १९८६ साली कायदा झाला आणि एप्रिल १९९२ पासून व्यावसायिक परवाना सक्तीचा झाला. प्रत्येक राज्य आपले मार्गदर्शक पुस्तक फुकट देते, आणि त्यातले पाचवे प्रकरण हवेच्या ब्रेकचे. बहुतेक राज्यांत त्यावर २५ प्रश्न येतात, निदान २० बरोबर यावे लागतात. नापास झाला तर परवान्यावर शेरा पडतो : हवेच्या ब्रेकची गाडी चालवायची नाही. मोठ्या गाड्यांना बहुधा हवेचेच ब्रेक असल्यामुळे या शेऱ्याने निम्मी रोजी बुडते.

मुले या परीक्षेची तयारी कशी करतात? आकडे पाठ करतात. २०, ४५, ५५, १००, १२५, १५० असे घोकतात आणि ऐन वेळी कोणता आकडा कशाचा हेच विसरतात. आमच्या मते आधी हवेचा प्रवास समजून घ्यावा. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर हवा दाबून टाक्यांत भरतो. पायाने ब्रेक दाबला की ती हवा चाकापाशी जाते आणि ब्रेक लागतो. आता खरी मेख पाहा. पार्किंगचा ब्रेक याच्या उलट आहे. तो एका दणकट स्प्रिंगने लागतो आणि हवा त्या स्प्रिंगला मागे रेटून धरते. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि चाके धरते. एक ब्रेक हवेने लागतो, दुसरा हवा गेल्याने लागतो. एवढे डोक्यात बसले की अर्धे प्रकरण झाले. जॉर्ज वेस्टिंगहाउस याने रेल्वेसाठी हवेच्या ब्रेकचे पेटंट १८६९ साली घेतले आणि पुढे त्यात सुधारणा केली. आगगाडीची साखळी ओढली की गाडी थांबते ना? तिथेही नळीतला दाब कमी होतो म्हणूनच ती थांबते.

आता तेच आकडे शिडीसारखे रचा. दाब मोजायचा दर चौरस इंचाला पौंडात. सुमारे १२५ ला गव्हर्नर हवा भरणे थांबवतो, १०० च्या आसपास पुन्हा सुरू करतो. गव्हर्नर बिघडला तर १५० ला सुरक्षा झडप उघडते, म्हणून ती १२५ च्या वर. खाली येताना ५५ च्या आत जाण्यापूर्वी धोक्याची सूचना मिळाली पाहिजे, कारण २० ते ४५ च्या दरम्यान स्प्रिंग आपोआप ब्रेक लावते. ती लागण्याआधी चालकाला गाडी बाजूला घ्यायला उसंत हवी. कारण कळले की आकडा विसरत नाही.

गळती तपासण्याचेही तसेच. चाकांना अडसर लावून, इंजिन बंद करून, पार्किंग ब्रेक सोडायचा. मिनिटाला २ पौंडांपेक्षा कमी दाब उतरावा. मागे ट्रेलर असेल तर ३ पेक्षा कमी. मग पायाने ब्रेक दाबून धरायचा, तेव्हा मर्यादा ३ आणि ४. ट्रेलरमुळे नळ्या आणि सांधे वाढतात, म्हणून एक पौंड जास्त. आमच्या कॅशियरलाही रोज संध्याकाळी असाच ताळा घालावा लागतो, पण त्याला एका पैशाचीही सूट नाही!

एका प्रश्नावर मात्र थांबले पाहिजे : उतारावर ब्रेक कसा वापरावा? पुस्तक सांगते, उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर घ्या. समजा, सुरक्षित वेग ताशी ४० मैल आहे. गाडी ४० ला पोचली की ब्रेक दाबून वेग ३५ वर आणा आणि ब्रेक सोडा. पुन्हा ४० झाले की पुन्हा तेच. सारखे दाबून धरले तर ब्रेक तापून पकड सुटते. उगाच पंपासारखे दाब-सोड केले तर कॉम्प्रेसर भरतो त्याहून वेगाने हवा संपते. शिवाय हवेला चाकापर्यंत पोचायला अर्धा सेकंद किंवा जास्त लागतो; पुस्तकाप्रमाणे ताशी ५५ मैल वेगात या विलंबाने थांबण्याचे अंतर सुमारे ३२ फुटांनी वाढते. आपल्याकडे डिझेल वाचावे म्हणून घाटात गाडी न्यूट्रल करणारे आहेत. दोन-चार लिटरसाठी इंजिनाचा आधार सोडून सगळा भार तापलेल्या ब्रेकवर टाकणे याला आम्ही काटकसर म्हणत नाही. मालकाने सांगितले तरी चालकाने ते ऐकू नये.

मित्रहो, वाचून झाल्यावर गाडीपाशी जा. कॉम्प्रेसरमधून हवेबरोबर पाणी आणि थोडे तेलही टाकीत येते. ते दिवसाच्या शेवटी काढायचे असते, नाहीतर थंडीत पाणी गोठून ब्रेक बंद पडू शकतो. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो. आपल्या वस्तीत ट्रक उभा असेल तर चालकदादांना विचारा, टाकीचे पाणी रोज काढता का, आणि ते काढताना जवळ उभे राहून पाहा.