सरहद्दीवरचे ताट

परमुलखातील भोजनगृहात प्रथमच पाऊल टाकणारा मनुष्य आपल्या घरची चूल मनात घेऊनच तेथे जात असतो. टेक्सस प्रांतातील सॅन अँटोनियो शहरी आपल्या मुलीकडे गेलेल्या एका निवृत्त मराठी शिक्षकांचेही तसेच झाले. मुलीने एका संध्याकाळी त्यांना साध्याशा 'टेक्स-मेक्स' भोजनगृहात नेले. बसताक्षणीच मक्याच्या तळलेल्या त्रिकोणी कापांची परडी आणि टोमॅटो-मिरचीची पातळ चटणी पुढे आली.

"अगं, आपण अजून काही मागवले नाही!"

"हे मागवावे लागत नाही, बाबा. आल्यागेल्याचे स्वागत आहे ते."

शिक्षक शाकाहारी. म्हणून घेवड्याच्या जातीचे दाणे परतताना चरबी घातलेली नाही, आणि वरच्या रश्श्यात मांस नाही, याची खात्री मुलीने आधी करून घेतली. मग ताट आले. मक्याच्या मऊ पोळीत चीज गुंडाळून वर लाल मिरचीचा दाट रस्सा ओतलेला 'एंचिलाडा', बाजूला तांबूस भात आणि घोटलेले दाणे. पहिला घास घेताच शिक्षक थबकले. रश्श्याला चक्क जिऱ्याचा वास होता! मेक्सिकोची माणसे आपल्यासारखीच जेवतात, असे ते कौतुकाने म्हणाले. तेव्हा मुलीला सांगावे लागले की, खुद्द मेक्सिकोत जिरे इतक्या सढळ हाताने घालीत नाहीत आणि असे पिवळे चीजही तेथील परंपरेतले नव्हे.

"म्हणजे आपण नक्कल खाल्ली म्हणायची," शिक्षक काहीसे हिरमुसून म्हणाले.

हा आरोप जुना आहे. डायना केनेडी या विदुषीने १९७२ साली मेक्सिकन पाककलेवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात अंतर्भागातील मेक्सिकन स्वयंपाक आणि सरहद्दीच्या उत्तरेकडील भोजनगृहांतले पदार्थ यांत स्पष्ट रेषा ओढली. मेक्सिकोच्या समृद्ध पाकपरंपरेला त्यामुळे न्याय मिळाला, यात शंका नाही. पण त्याबरोबर 'टेक्स-मेक्स' या शब्दाला, जो मुळात एका रेल्वेच्या नावाचा संक्षेप होता, कमअस्सलपणाचा डागही लागला.

वस्तुतः इतिहास निराळा आहे. १८२१ पर्यंत हा मुलूख स्पेनचा होता. पुढे तो मेक्सिकोचा झाला, १८३६ मध्ये स्वतंत्र झाला आणि १८४५ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सामील झाला. येथील कित्येक स्पॅनिशभाषक कुटुंबे कोठून आली नव्हती की कोठे गेली नव्हती. त्यांची घरे होती तेथेच राहिली. राज्ये मात्र बदलत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच शहराच्या चौकांत त्यांच्यातील स्त्रिया रात्री कंदिलांच्या उजेडात मिरचीचा झणझणीत मांसरस्सा विकीत. लोक त्यांना 'चिली क्वीन' म्हणत. त्यांच्या बाकांवर गाडीवान आणि श्रीमंत प्रवासी शेजारी शेजारी बसत. पुढे १९३० नंतरच्या काळात आरोग्यखात्याच्या नियमांपुढे त्यांची दुकाने उठली. चव मात्र उठली नाही. विल्यम गेबहार्ट या जर्मन स्थलांतरिताने त्यापूर्वीच, १८९० नंतरच्या दशकात, याच भागात मिरचीची मसालेदार पूड तयार करून विकावयास आरंभ केला होता. अशा अनेक हातांनी हे ताट वाढलेले आहे. ते मेक्सिकोचे नसेल. पण म्हणून ते खोटे ठरत नाही. ते टेक्ससचे खरे आहे.

अस्सलपणाचा हट्ट धरला, तर आपल्या चुलीचीही पंचाईत होईल. मिरची मूळची मेक्सिकोची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती गोव्याच्या किनाऱ्याला लागली आणि पुढे ठेच्यावाचून भाकरी गोड लागेना. उलट जिरे जुन्या जगातले. ते स्पॅनिश लोकांबरोबर समुद्र ओलांडून तिकडे गेले. आपली ओळख त्या रश्श्यात सापडली, याचे शिक्षकांना आश्चर्य वाटले. परंतु दोन वाटसरू अर्ध्या वाटेवर भेटावेत, तशीच ती भेट होती.

पुढे एकादशी आली. मुलीच्या घरी साबुदाण्याची खिचडी झाली. शिक्षकांनी ताटलीकडे पाहत सावकाश मोजणी केली. ज्याचा साबुदाणा करतात तो कंद दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणा तिकडचाच, बटाटाही तिकडचा, मिरची मेक्सिकोची.

"अगं, यातले जिरे आणि तूप तेवढे इकडचे," ते म्हणाले, "आणि तरी हे पिढ्यान् पिढ्या देवाला चालले!"

मुलगी हसली. खिचडी संपवून हात धुताना त्यांनी विचारले, "ते तुझे भोजनगृह रविवारी उघडे असते का गं?"