बागेत वार लावा



मृग आठ-दहा दिवसांवर आला. दरवर्षी याच सुमारास सामूहिक बागांमध्ये नवी माणसं येतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "आमचा वाफा कुठला?" मला आज इतकंच सांगायचं आहे की वाफा मागू नका, वार मागा. आठवड्यातला एक दिवस माझा. त्या दिवशीचं पाणी, खत, निंदणी माझ्याकडे, असं सांगून बागेत शिरा.

वाफे वाटून घेण्याची रीत युरोपात रुजली. जर्मनीतल्या लाइपझिग शहरात १८६५ साली मुलांना खेळायला एक मैदान खुलं झालं. त्याला तिथल्याच एका डॉक्टरांचं, श्रेबर यांचं, नाव दिलं. ते तेव्हा हयात नव्हते. पुढे मैदानाच्या कडेला मुलांसाठी वाफे आखले गेले. मुलं लवकरच कंटाळली. मग आईबापांनी वाफे हाती घेतले, कुंपणं घातली, आणि त्याच्या घरोघरच्या बागा झाल्या. श्रेबरांचं नाव मात्र अशा बागांना आजही लावतात. इंग्लंडमध्ये लोकांची मागणी असेल तर स्थानिक संस्थांनी बागेला जमीन पुरवावी, असा १९०८ चा कायदा आहे. तिथला पूर्ण तुकडा सुमारे २५० चौरस मीटरचा, म्हणजे जवळजवळ अडीच गुंठे. आपल्याकडे मुंबई-पुण्यात अडीच गुंठ्यांवर इमारत उभी राहते. तिच्या गच्चीच्या वीस घरांत वीस चिंध्या केल्या, तर कोणाच्याच ताटात पुरती भाजी पडत नाही आणि खताचा ढीगही कोणाचाच राहत नाही.

आपल्याला जवळचं उदाहरण मुंबई पोर्ट ट्रस्टचं आहे. तिथल्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात हजारो कामगारांचं जेवण शिजायचं. त्या कामाची जबाबदारी असलेल्या प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास त्याच इमारतीच्या गच्चीवर बाग सुरू केली. बागेचं मूळ होतं रोजचा ओला कचरा : भाज्यांची देठं, सालं, फळांचा चोथा. हाताशी जे होतं त्याचीच माती करायची, असा विचार. त्यामागे डॉ. आर. टी. दोशी यांचे शहरी शेतीचे प्रयोग होते आणि त्याच्याही मागे कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर. दाभोळकरांच्या 'प्रयोग परिवारा'त द्राक्षबागाईतदार आपापल्या बागेत प्रयोग करायचे आणि निष्कर्ष एकमेकांना कळवायचे. ज्याला जे उमगलं ते सगळ्यांचं. मला ही गोष्ट पिकापेक्षा मोठी वाटते.

वार घेतलेल्या माणसाने पहिले दोन महिने बियाण्याच्या पुडीला हात लावला नाही तरी चालेल. त्याने माती करावी. वाळलेला पाला गोळा करावा. आपल्या रस्त्यांवर तो लोक जाळतात, तो आधी वाचवावा. रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं आणावीत. पाल्याचा थर, त्यावर ओला कचरा, वर मूठभर जुनी माती, पुन्हा पाला. वास यायला लागला तर ओलं जास्त झालं. पाला वाढवावा आणि ढीग खालीवर करावा. पाला कुजायला मदत करणारं अमृतजल करायला दहा लिटर पाणी, एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र आणि पन्नास ग्रॅम गूळ लागतो. ते तीन दिवस ठेवून रोज दोन-तीनदा ढवळायचं आणि दहापट पाण्यात मिसळून पाल्यावर शिंपडायचं. हे ढवळणं एकाच माणसावर पडलं, तर तो गावाला गेला की थांबतं. म्हणून वार.

पूर्वी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सात घरं मिळून एक मुलगा शिकायचा आणि कोणत्याही एका घरावर त्याचा भार पडायचा नाही. बागही अशीच सात घरांवर चालते.

माती तयार झाली की मग भेंडी, गवार, दोडका, कारली, अंबाडी, माठ, अळू. कोथिंबीर आणि मेथीची घाई भर पावसात करू नये; मुळं कुजतात. मावा, पिठ्या ढेकूण येणारच. निंबोळी अर्क वेळेवर फवारावा आणि पानं उलटून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

गच्ची असेल तर आधी सोसायटीची परवानगी घ्या, पाणी झिरपण्याची तपासणी करा आणि वजनाचा अंदाज जाणकाराकडून घ्या. ओली माती घनमीटरला दीड टनाच्या वर भरते. पाला-चिपाडांची माती पुष्कळ हलकी. साधी माती गच्चीवर ओतू नये, हे मी आग्रहाने सांगतो.

भांडणं होतात ती पाण्यावरून नव्हे, तोडणीवरून. पहिलं वांगं कोणी तोडलं, याचा राग माणसं वर्षभर धरतात. तोडणीचा दिवस एकच ठेवा, सगळ्यांसमोर तोडा, तिथेच वाटे करा, आणि त्यातला एक वाटा वॉचमन व सफाई कामगारांच्या घरी जाऊ द्या. हे बागेच्या दारावर लिहून लावा. पिकण्याआधी लिहा, पिकल्यावर कोणी ऐकत नाही.

तुमच्यापैकी ज्यांच्या वस्तीत बाग आहे त्यांनी या रविवारी तिथे जाऊन आपला वार सांगावा. ज्यांच्या वस्तीत नाही, त्यांनी सात घरं शोधावीत आणि मृगाच्या आत पाल्याचा पहिला थर घालावा.