म्हाताऱ्यांचा जबाबही पुरावाच



कल्याण-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर येणारी कातकरी कुटुंबं तुम्ही पाहता. त्यांतले कितीतरी जण मुरबाड-शहापुरात वनजमीन कसतात, पण ती नावावर नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानं १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसलेली जमीन, चार हेक्टरपर्यंत, नवरा-बायको दोघांच्या नावे होते. कागद नसला तरी गावातल्या वृद्धांचा लेखी जबाब चालतो; तो दावेदाराचा स्वतःचा नको, आणि जोडीला बांध, जुनी विहीर, दफनभूमी असा आणखी पुरावा हवा. एका कार्यालयात मात्र आमच्याकडे अतिक्रमणाच्या दंडाची जुनी पावतीच मागितली! विशिष्ट कागदाचाच आग्रह धरू नये, असं नियमच सांगतो.

हे म्हातारे एकेक करून जात आहेत. चांगलं मराठी लिहिणाऱ्यांनी उपासनेनंतर मला भेटावं.