भाताच्या खाचरांतला शक्तीचा हिशेब

(पेरणीपूर्वीं शाळेच्या ओट्यावर शेतकरी मंडळींपुढें केलेलें भाषण)



वाण्याच्या वहींत आपल्या नांवावर काय मांडलें आहे, हें वाचतां यावें म्हणून आपण पोरांना शाळेंत घालतों. पण खाचराचा हिशेब मात्र आपण कधीं मांडीत नाहीं. तो आज मांडूं.

नांगरट, चिखलणी, लावणी, कापणी यांत माणसाची, बैलाची किंवा डिझेलची शक्ति खर्च होते. ती डोळ्यांना दिसते. युरियाच्या पोत्यांतली शक्ति दिसत नाहीं. हवेंतलें नत्र नैसर्गिक वायूच्या बळावर, मोठ्या उष्णतेंत व दाबाखालीं बांधून कारखान्यांत हें खत होतें. तो वायु बराचसा परदेशांतून आणावा लागतो. सरकार भार उचलतें म्हणून पोतें स्वस्त वाटतें. पण तो भार अखेर आपल्याच करांतून निघतो.

४५ किलोच्या पोत्यांत नत्र सुमारें २० किलो ७०० ग्रॅम. तें उभ्या पाण्यांत फोकलें, कीं कांहीं हवेंत उडतें, कांहीं बांधावरून वाहून जातें. पिकाला मिळतो साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे सातएक किलो! बाकीच्याचे पैसे आपण दिलेच कीं नाहीं? मग पीक पिवळें दिसलें म्हणून आणखी ओततों. भात माजतें, लोळतें, त्यावर करपा येतो. शक्ति दुप्पट घातली म्हणून दाणे दुप्पट होत नाहींत.

यावर डॉ. एन. के. सावंत यांनीं कोंकणांत चारसूत्री भातशेतीची वाट दाखविली. पहिलें सूत्र, पेंढा व तुसाची राख शेतालाच परत द्यावी. त्यांतल्या पालाश व सिलिकानें ताटें ताठ होतात. दुसरें, गिरिपुष्पाचा पाला चिखलांत गाडावा. हें झाड हवेंतलें नत्र मुळांवरच्या गांठींत धरतें. कारखान्याला ज्याकरितां वायु लागतो, तें काम तें उन्हाच्या बळावर करतें. तिसरें, १५ व २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरानें लावणी करावी. चौथें, युरिया-डीएपीची गोळी जवळच्या चार चुडांच्या मधोमध चार बोटें खोल खोचावी, म्हणजे खत मुळांपाशींच राहतें.

याउलट राब भाजतांना शेण व पालापाचोळा आपण जाळतों. नत्र धुरावाटे जातें आणि राख तेवढी हातीं लागते.

गोळ्या खोचायला मेहनत पडते, हें मी लपवीत नाहीं. पण ती सारी पुन्हां बायांच्याच कमरेवर लादूं नका. पोतें आणणाऱ्या पुरुषानेंही चिखलांत वांकावें.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवूं नका. यंदां एकाच खाचराचे दोन सारखे भाग करा. एकांत नेहमींसारखें खत फोका, दुसऱ्यांत गोळ्या खोचा. खर्च, मजुरीचे दिवस व मळणीचें वजन पोरांकडून वहींत लिहून घ्या. दिवाळीनंतर त्या वह्या घेऊन याच ओट्यावर या. मग कोणता भाग जिंकला, तें खाचरच सांगेल.