माशीपेक्षा चिठ्ठी मोलाची

गांधीलमाशी ओळखायला शिकावं लागतं हे वणीत कुणाला पटणार नाही. एकदा डसली की जन्मभराची ओळख! पण या एका नावाखाली आपण अनेक जाती कोंबतो. पोटाच्या पुढच्या भागावर रुंद पिवळा पट्टा आणि मागे सगळं काळं, ती वेस्पा ट्रॉपिका. अंग तांबूस, चेहरा पिवळा, पट्टा मात्र मागच्या बाजूला, ती वेस्पा ओरिएंटॅलिस. इंग्रजी पुस्तकांतली ‘सर्वसामान्य’ वेस्पुला व्हल्गॅरिस ही थंड मुलखातली. चित्र पाहून तिचं नाव इथल्या माशीला देऊ नये. रंगही दगा देतो. माश्या मारायच्या सायनाइडच्या बाटलीत पिवळ्याचं तांबडं होऊ शकतं. मिशांचे खंड मोजणं अधिक भरवशाचं: मादीला बारा, नराला तेरा.

एवढी ओळख पटवूनही टाचणीवरच्या माशीला चिठ्ठी नसेल, तर तिचा अभ्यासाला फारसा उपयोग नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘वणी, निर्गुडा नदीचा काठ’, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, कपाशीवर की घरट्यात, एवढं लिहिलं की ती पुरावा होते. बिंगहॅमचा भारतातल्या गांधीलमाश्यांवरचा ग्रंथ 1897 चा; त्याच्याशी आजची तुलना करता येते, कारण त्यात कोणती जात कुठे आढळली हे नोंदलेलं आहे. कपाशी आणि कोळसा खाणींच्या या वणी तालुक्यात अळ्या टिपणाऱ्या कोणत्या माश्या टिकल्या, हे उद्या कशावरून सांगणार?

मोबाइलवर फोटो काढला की झालं, असं कुणी म्हणेल. घरटं आणि सवयी टिपायला फोटो उत्तमच. पण मिशीचा खंड नेमका पानाआड गेला तर फोटो उलटून पाहता येत नाही. दुसरा आक्षेप जीवहत्येचा, आणि तो रास्त आहे. म्हणून मारूच नका. खिडकीच्या कडेला, दिव्याखाली मेलेल्या पुष्कळ मिळतात. कुंभारीण माशीचं सोडून दिलेलं मातीचं घरटं हलकेच फोडा: आत कोळ्यांचे वाळके पाय, तपकिरी कोश, कधी बाहेर न पडू शकलेली माशी. क्वचित आत हिरवीगार चकाकणारी, दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणारी परकी माशीही निघते! तेव्हा ‘घरट्यातून’ हा शब्द चिठ्ठीवर हवाच. टिपेश्वर अभयारण्यातून मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय मेलेली माशीही उचलू नका. बाकी ठिकाणी सापडलेली माशी डबीत ठेवताना चिठ्ठी त्याच दिवशी लिहा, पेन्सिलीनं.