एका वर्षाचा पंतप्रधान



तुमच्यातले बरेचजण इंजिनिअरिंगला आहेत, म्हणून आज इलेक्ट्रिकलच्या एका प्राध्यापकांबद्दल बोलतो. नाव अब्दुररहीम अल-कीब, गाव त्रिपोली, देश लिबिया. अमेरिकेत पीएच.डी. केली, १९८५ पासून अलाबामा विद्यापीठात बरीच वर्षं वीजयंत्रणा शिकवली, मग अबू धाबीला विभागप्रमुख झाले. म्हणजे पगार, मान, सगळं जागच्या जागी.

२० ऑक्टोबर २०११ ला गद्दाफी मारला गेला. बेचाळीस वर्षांची राजवट संपली. अकरा दिवसांनी राष्ट्रीय संक्रमण परिषदेनं या प्राध्यापकांना हंगामी पंतप्रधान निवडलं. ५१ पैकी २६ मतं. बहुमताला लागतात बरोबर तेवढीच!

हेच का? जुन्या सरकारात नव्हते, पाठीशी बंदूकवाले नव्हते. असा माणूस सगळ्यांना चालतो. पण त्याचं ऐकायला कुणी बांधील नसतो, ही त्याचीच दुसरी बाजू. झिंतान शहराच्या लढवय्यांनी गद्दाफीचा मुलगा सैफ पकडला आणि तीनच दिवसांत संरक्षण खातं झिंतानच्या कमांडरकडे गेलं. गृहखातं मिस्राताला. मंत्रिमंडळ कोण ठरवत होतं, बघा.

त्या यादीत आपल्याला जागा नाही म्हणून अमाझिग लोक रस्त्यावर आले. गद्दाफीच्या काळात त्यांच्या भाषेवर बंदी होती. लढताना मात्र नफूसा डोंगरात ते पुढे होते. हे वाचताना मी जरा थांबलो. का, ते तुम्हाला सांगायला नको.

खरी कसोटी पैशांची होती. लढलेल्यांना मानधन सुरू झालं, आणि कधी न लढलेल्यांची, अगदी मेलेल्यांचीही नावं यादीत निघाली. एप्रिल २०१२ मध्ये वाटप थांबवलं. मे महिन्यात पैसे मागत आलेल्या सशस्त्र लोकांनी पंतप्रधान कार्यालयावरच गोळीबार केला. टोळ्यांच्या हातातल्या बंदुका त्यांना काढून घेता आल्या नाहीत. माझ्या मते हे त्यांचं मोठं अपयश, आणि त्याची किंमत लिबियानं पुढं बरीच वर्षं मोजली.

पण दुसरं कामही होतं, निवडणूक. ७ जुलै २०१२ ला २०० जागांच्या काँग्रेससाठी मतदान झालं. आदल्या दिवसांत पूर्वेकडे निवडणूक कार्यालयांवर हल्ले झाले होते, तरी साठ टक्क्यांच्या आसपास लोकांनी मत दिलं. कित्येक म्हाताऱ्यांनी १९६० च्या दशकानंतर पहिल्यांदाच.

हंगामी माणसाची खुर्ची पुढं लांबत जाते, हे आपण किती देशांत पाहिलंय! यांची नाही लांबली. १४ नोव्हेंबर २०१२ ला त्यांनी अली झैदान यांच्याकडे कारभार सोपवला. पुरतं वर्षही झालं नव्हतं. २०२० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत ते वारले, तेव्हा लिबियात दोन सरकारं होती आणि त्रिपोलीच्या वेशीवर लढाई चालू होती.