गॅरेजचे दप्तर आणि आपली मुले



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावरून गॅरेजच्या दप्तराविषयी बोलावे, हे काहींना नवलाचे वाटेल. परंतु आपल्यापैकी कित्येक पालकांचे हात मोटारीच्या कामात काळे झाले आहेत आणि त्याच हातांच्या कमाईतून मुलांची फी भरली जाते. म्हणून केलेल्या कामाची नोंद कशी सांभाळावी, हा विषय मी आज मुद्दाम घेतला आहे.

आपल्या शहरात या धंद्याची परंपरा मोठी आहे. बेस्टची पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर धावली. पुढे दादरला बेस्टची कार्यशाळा चालली, गिरगावच्या टोकाला ऑपेरा हाऊसपाशी सुट्या भागांचा बाजार भरला आणि परळ-लालबागच्या गल्ल्यांतून लहान गॅरेजांनी घरे पोसली. काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी आठवा. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपताच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, ती रस्त्यावरून गेली. वीस वर्षे टॅक्सी चालवायची म्हणजे मेस्त्रीचे ज्ञान किती हवे! ते ज्ञान बहुतांशी मेस्त्रीच्या डोक्यात आणि तेलकट वहीत राहिले. मेस्त्री थकला, वही हरवली, की सारे संपले.

आता वहीच्या जागी काउंटरवर बिलाचे यंत्र आले आहे. गाडीचा नंबर टाकला की मागचे काम पडद्यावर दिसते. सोय उत्तम आहे. पण पालकहो, स्वतःला एक प्रश्न विचारा. उद्या ते सॉफ्टवेअर देणारी कंपनी बंद पडली, वर्षाचे भाडे परवडेनासे झाले किंवा यंत्रच जळाले, तर दहा वर्षांच्या नोंदी आपल्या हाती उरतील काय? यंत्रात आहे ते आपलेच आहे, असे समजून बसू नये. बाहेर काढून आपल्याजवळ ठेवले, तेवढेच खरे आपले.

बाहेर काढण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ‘एक्स्पोर्ट’ या नावाने असते. तेथे ‘सीएसव्ही’ हा प्रकार निवडावा. ही साध्या मजकुराची फाइल असते: एका ओळीत एक नोंद आणि दोन रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम. ती कोणत्याही संगणकावर उघडते, कोणत्याही नव्या सॉफ्टवेअरला समजते. बिलांचे छापील कागद किंवा पीडीएफ वाचायला ठीक, पण त्यांतून रकाने पुन्हा जुळवणे फार कष्टाचे असते.

फाइली तीन असाव्यात. पहिलीत गाड्या व त्यांचे मालक. दुसरीत प्रत्येक जॉबकार्ड: क्रमांक, तारीख, गाडीचा नंबर, किलोमीटर आणि एकूण रक्कम. तिसरीत त्या जॉबकार्डावरील एकेक काम व एकेक भाग: ऑइल, फिल्टर, ब्रेक शू, मजुरी. दुसरी आणि तिसरी फाइल जॉबकार्डाच्या क्रमांकाने जोडली जाते. तो क्रमांक गळाला, तर कोणता भाग कोणत्या गाडीला लागला हे सांगता येणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमचे काम सांगतो, कारण फसगत येथेच होते. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली, तर भागाच्या क्रमांकापुढची शून्ये उडतात. ००४५१७ चे ४५१७ होते आणि दुकानदार दुसराच भाग हातात देतो. पंधरा अंकांहून लांब क्रमांकाचे पुढचे अंक शून्य होतात. म्हणून फाइल ‘डेटा’ या मेनूतून आत घ्यावी आणि असे रकाने ‘टेक्स्ट’ म्हणून ठरवावेत. ०३/०७ म्हणजे ३ जुलै की ७ मार्च, हा घोळ टाळण्यासाठी आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी तारीख ठेवावी. मराठीत लिहिलेली नावे चौकोनी ठोकळे किंवा भलतीच अक्षरे होऊन आली, तर फाइल ‘यूटीएफ-८’ म्हणून उघडावी. कामाच्या वर्णनातच स्वल्पविराम असेल, तर ते वर्णन अवतरणचिन्हांत आहे ना, हे पाहावे. नाहीतर पुढचे सर्व रकाने सरकतात.

फाइल निघाली म्हणजे काम झाले असे नव्हे. यंत्रातील जॉबकार्डांची संख्या आणि फाइलीतील ओळींची संख्या जुळवा. महिन्याची एकूण रक्कम जुळवा. मग कोणत्याही तीन गाड्या घेऊन त्यांच्या नोंदी पहिल्यापासून शेवटपर्यंत ताडून पाहा. एक प्रत घरी आणि एक दुकानात ठेवा.

या खटाटोपाचा लाभ रोकडा आहे. गाडी विकताना ज्याच्याजवळ सर्व्हिसिंगचा पुरा इतिहास आहे, त्याच्या शब्दाला वजन येते. आणि तो इतिहास देणाऱ्या गॅरेजकडे गिऱ्हाईक पुन्हा वळते. शिवाय जीएसटीखाली नोंदलेल्या धंद्याला वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावा लागतो. मात्र या फाइलीत लोकांची नावे आणि फोन नंबर असतात. ती गिऱ्हाइकाची अमानत आहे. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली कायदाही झाला आहे. ही फाइल पासवर्ड लावून ठेवावी. ती व्हॉट्सॲपवर या हातून त्या हाती फिरता कामा नये.

पालकहो, वर सांगितलेले काम दहावी-बारावीतील मुलगा किंवा मुलगी एका रविवारी शिकू शकते. आपली लेक गॅरेजमध्ये पाना धरणार नसेल, पण हे दप्तर ती निश्चित सांभाळील, आणि तसे करता करता हिशेब, संगणक आणि नेटकेपणा या तिन्ही गोष्टी तिच्या अंगी येतील. मुलांना नुसते ‘अभ्यास कर’ म्हणू नका. आपला धंदा त्यांच्यासमोर अभ्यास म्हणून ठेवा. याच महिन्यात फक्त गेल्या महिन्याच्या नोंदी बाहेर काढून, दोघांनी शेजारी बसून त्या ताडून पाहा. कोणत्या गाडीला कोणता आवाज का येतो, हे वडील सांगतील. ते कोणत्या रकान्यात लिहायचे, हे मूल सांगेल.